घसरड्या लेपाची झीज

1958च्या सुमारास इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या शल्यविशारदांनी खुब्याचे कृत्रिम सांधे बसवायला सुरुवात केली. गोळा पोलादी आणि तो फिरणार ती वाटी टेफ्लॉनची. टेफ्लॉनचा घर्षणांक 0.05 ते 0.1 इतका कमी, त्यामुळे निवड चुकली असं कुणी म्हटलं नसतं. रुग्ण चालू लागले, दुखणं थांबलं. पण काही वर्षांतच गोळा वाटीत रुतत गेला आणि झिजून सुटलेल्या कणांनी भोवतालच्या ऊती सुजल्या. सुमारे 300 रुग्णांना हा सांधा बसवला होता. बऱ्याच जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. हे कण शरीरात काय करतात हे पाहायला चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले. 1962पासून त्यांनी वाटी पॉलिइथिलीनची केली. तिचं घर्षण टेफ्लॉनहून जास्त, झीज मात्र कितीतरी कमी.

बेअरिंग, बुश किंवा पिस्टनवर पॉलिमरचा लेप चढवणाऱ्यांसमोरही हाच पेच असतो. घर्षण कमी म्हणजे झीजही कमी, असं आपण सहज धरून चालतो. टेफ्लॉनमध्ये मात्र कमी घर्षण आणि जास्त झीज या दोन्हींचं मूळ एकच आहे. त्याच्या लांब, गुळगुळीत रेणुसाखळ्या एकमेकींत फारशा गुंतत नाहीत. पत्त्यांच्या कॅटासारखे त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून घर्षण कमी. आणि सरकलेला थर सहज सुटतो, म्हणून झीज जास्त.

सुटलेला सगळाच माल वाया जात नाही. त्यातला काही समोरच्या पोलादावर चिकटतो आणि मग पॉलिमर पॉलिमरवरच घासत राहतो. लेपाचं आयुष्य या चिकटलेल्या पापुद्र्यावर ठरतं. शुद्ध टेफ्लॉनचे पापुद्रे जाड असतात आणि लगेच गळून पडतात. त्यात काचतंतू, कार्बन किंवा कांस्याची पूड मिसळली की झीज शेकडो पटींनी घटते. ॲल्युमिनाच्या काही मिश्रणांत तर ती दहा हजार पटींपर्यंत घटलेली आढळली आहे. कारण घासताना साखळ्या तुटतात, हवेतल्या ऑक्सिजन आणि बाष्पामुळे त्यांच्या टोकांशी आम्लगट तयार होतात आणि ते धातूला घट्ट धरून ठेवतात. मला हे फार विलक्षण वाटतं: ज्या पदार्थाला काहीच चिकटत नाही अशी ख्याती, तोच असा पोलादाला बिलगून बसतो.

मग सगळा भागच पॉलिमरचा का करू नये? कारण उष्णता. पॉलिमर ती वाहून नेण्यात पोलादापेक्षा शंभर-दोनशे पट कमी पडतो, आणि घासण्याची जागा तापली की तो मऊ होतो. काही मायक्रॉनांच्या लेपाखालचा धातू ही उष्णता ओढून घेतो. शिवाय भार तो पेलतो, त्यामुळे लेप फार दबत नाही आणि स्पर्शाचं प्रत्यक्ष क्षेत्रही लहान राहतं. म्हणूनच कोरड्या चालणाऱ्या अनेक बुशांत पोलादी पाठीवर सच्छिद्र कांस्याचा थर देतात आणि त्याच्या छिद्रांत टेफ्लॉन भरतात. वरचा थर झिजला तरी कांस्यातला साठा पुरवठा करत राहतो.

बुशात फिरणाऱ्या शाफ्टकडे मात्र बारकाईने पाहावं लागतं. तो खडबडीत असेल तर कानशीसारखा लेप खरवडतो आणि पापुद्रा धरायच्या आतच बुश संपतो.