वैमानिक, उतारू आणि नव्वद दिवस

खासगी वैमानिकाचा परवाना एकदा हाती आला की तो जन्मभर पुरतो, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वैमानिकाच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, हे खरे. परंतु शेजारच्या आसनावर उतारू बसविण्याचा अधिकार अनभ्यासाने लोप पावतो. तेथील संघीय विमानवाहतूक नियमांचे कलम ६१.५७ असे सांगते की, मागील ९० दिवसांत वैमानिकाने स्वतः किमान ३ वेळा विमान धावपट्टीवरून उठविलेले व ३ वेळा उतरविलेले असले पाहिजे. विमान त्याच जातीचे व वर्गाचे हवे. एक-इंजिनी विमानातील सराव दोन-इंजिनी विमानासाठी चालत नाही.

नेमका अवतरणावरच भर का? आकाशात विमान सरळ नेणे मनुष्य सहसा विसरत नाही. उतरताना मात्र जमीन काही फुटांवर आली असता विमानाचे नाक हळूच उचलून वेग आणि उंची एकाच वेळी संपवावी लागते. फार लवकर उचलले तर आधार सुटून विमान खाली आपटते. उशीर झाला तर चाके आदळून ते पुन्हा उसळते. हा अंदाज पुस्तकातून मिळत नाही, आणि सराव सुटताच तोच प्रथम बिघडतो. उतारूला तर याची पारख करताच येत नाही; तो विश्वासाने बसतो.

लोपलेला अधिकार परत मिळविण्यास अर्ज लागत नाही की परीक्षा. वैमानिकाने एकट्यानेच विमान न्यावे, आवश्यक तितकी अवतरणे करावीत व नोंदवहीत लिहावीत. धोका पत्करायचा तो स्वतःपुरता, असा हा सरळ न्याय आहे.

दिवसांची मोजणी मात्र फसवी असते. समजा, १ मार्चला दोन व २० मार्चला एक अवतरण झाले. १५ जूनला पहिली दोन १०६ दिवसांची जुनी झाल्याने बाद ठरतात; आणखी दोन केली की मित्राला नेता येते. पण २० जूनला मार्चमधील तिसरेही ९२ दिवसांचे होऊन गळते आणि अधिकार पुन्हा जातो! म्हणून तिन्ही एकदमच उरकणे शहाणपणाचे.

रात्रीसाठी नियम अधिक कडक आहे. सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंतच्या काळात उतारू न्यायचे, तर तिन्ही अवतरणे त्याच काळातील हवीत. सूर्य ६-३० ला मावळला असेल, तर ७-१० चे अवतरण या हिशेबात धरले जात नाही, मग बाहेर कितीही काळोख असो. शिवाय प्रत्येक वेळी विमान पूर्ण थांबले पाहिजे. चाके टेकवून लगेच पुन्हा उठणे रात्री ग्राह्य नाही. शेपटीखाली चाक असलेल्या विमानांना हीच अट दिवसाही लागू आहे, कारण वेग मंदावताना गर्रकन फिरण्याची खोड त्यांना असते.

याहून निराळी गोष्ट दर २४ महिन्यांच्या उड्डाण-तपासणीची. तीत प्रशिक्षकासमवेत किमान १ तास जमिनीवरील अध्ययन व १ तास उड्डाण असते. ती चुकली, तर उतारू दूरच राहिले, एकट्याने विमान नेण्याचीही मुभा उरत नाही. तेव्हा प्रथम प्रशिक्षकाकडेच जावे लागते.