सांभर: कोरडं पडण्याचा हक्क

जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवरचं सांभर हे देशातलं सर्वांत मोठं अंतर्देशीय खारं सरोवर. भरलं की दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं. पण खोली अगदी बेताची, ऐन पावसाळ्यातही जास्तीत जास्त तीन मीटर. मेंढा आणि रूपनगढ या नद्या इथे येऊन थांबतात. पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही; ते वाफ होऊन जातं आणि मीठ मागे ठेवतं.

वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. नवं पाणी आलं की खारटपणा झपाट्याने उतरतो. गाळात सुप्तावस्थेत राहिलेले जीव जागे होतात, नीलहरित शेवाळ फोफावतं, कीटकांच्या अळ्या वाढतात. हिवाळ्यात या मेजवानीवर रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीत दिसणारा छोटा रोहित इथेही येतो. तो मान वाकवून चोच पाण्यात उलटी धरतो. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर ढकलते. शेवाळ तेवढं आत अडकतं. त्याच्या पिसांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो.

उन्हाळा लागला की पाणी आटतं, खारटपणा चढत जातो आणि बहुतेक जीव माघार घेतात. ‘ड्युनालिएला’ हे सूक्ष्म शैवाल मात्र पेशीत ग्लिसरॉल साठवून तग धरतं आणि प्रखर उन्हापासून बचावासाठी नारिंगी बीटा-कॅरोटीन तयार करतं. सोबतीला मीठप्रिय आर्किया हे सूक्ष्मजीव वाढतात आणि पाण्यावर लालसर झाक येते. शेवटी मीठ जमतं तेव्हा त्यांतले काही स्फटिकात अडकलेल्या खाऱ्या थेंबात जिवंत राहतात. पुढच्या पावसाने स्फटिक विरघळला की त्यांची सुटका होते.

जून २०२० मध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं, त्यामागेही असेच सूक्ष्मजीव असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिलं.

सांभरचं भरण्या-आटण्याचं हे चक्र नाजूक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभरला सुमारे १८ हजार पक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बॉट्युलिझमचं निदान केलं. या रोगाचे जिवाणू प्राणवायू नसलेल्या गाळात आणि कुजणाऱ्या देहांत विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्यांत ते साठतं. त्या अळ्या खाणारा पक्षीही मरतो. म्हणून पहिला मृत पक्षी दिसताच तो उचलणं हाच खरा उपाय.

१९९० मध्ये सांभरला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला, तरी पाणलोटातले बंधारे नद्यांचं पाणी वरच अडवतात आणि बेकायदा कूपनलिका सरोवराखालचं खारं पाणी उपसतात. उन्हाळ्यात सरोवर आटणं हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे. पावसाळ्यातही त्याच्यापर्यंत पाणी न पोचणं, हा मात्र आपण लावलेला रोग आहे. उपाय काठावर शोभेच्या भिंती बांधून होणार नाही. तो हजारो चौरस किलोमीटरच्या पाणलोटात आहे: नद्या वाहू द्यायच्या, उपसा थांबवायचा. सरोवर वेळेवर भरलं, तर आटायचं कसं आणि कधी हे त्याला आपण शिकवायला नको.