काठाकडून आत: सिद्दी बायकांची कवंदी

सिद्दी म्हटलं की मराठी वाचकाला मुरूडचा जंजिरा आठवतो. मराठ्यांना कधीच हाती न लागलेला तो किल्ला आणि त्याचे दर्यावर्दी धनी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांच्या पूर्वजांना ना किल्ला मिळाला, ना आरमार. पोर्तुगीजांनी त्यांतल्या पुष्कळांना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून गोव्यात आणलं. जमेल तसे ते तिथून निसटले, सह्याद्रीच्या दाट रानात शिरले आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांत वस्ती करून राहिले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. पुष्कळांच्या घरात कोकणी बोलली जाते आणि तिच्यात मराठी-कानडीची सरमिसळ असते. अनुसूचित जमातीचा दर्जा त्यांना मिळाला तो 2003 साली. त्यांच्यातले शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले 2020 मध्ये. या लोकांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात.

कवंदीचं मोठेपण तिच्या शिवण्याच्या रीतीत आहे, म्हणून ती रीत नीट सांगायला हवी. अमेरिकेत किंवा युरोपात गोधडी शिवताना बहुधा आधी वरचा थर तयार होतो. मापात कापलेले तुकडे एकमेकांना जोडून नक्षी पुरी करतात, मग खाली भरणाचा थर, त्याखाली अस्तर, आणि शेवटी तिन्ही थरांतून टाके. म्हणजे रचना आधी आणि शिवण मागाहून. कवंदीत ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. जमिनीवर साडी पसरायची, ती झाली पाठ. बाई एका कोपऱ्याशी बसते. जुनी लुंगी, परकर, पोरांचे झिजलेले फ्रॉक यांतला एक तुकडा उचलते, त्याची कड बोटांनी आत दुमडते आणि धावदोऱ्याने तो साडीवर बसवते. पुढचा तुकडा पहिल्याच्या कडेवर थोडा चढवायचा. असं करत काठाने पुढे जायचं, कोपरा आला की वळायचं, चारी बाजूंनी फिरून पुन्हा आतल्या अंगाने दुसरा फेरा धरायचा. टाक्यांच्या ओळी एकीत एक अशा आक्रसत जातात आणि शेवट मध्यावर होतो. वेगळा कापूस भरत नाहीत. एकावर एक चढलेले तुकडे आणि गच्च टाके यांनीच तिला वजन आणि ऊब येते.

आता यात काय काय आलं ते पाहा. कागदावर आराखडा नाही, खडूची रेघ नाही. लाल तुकड्याशेजारी पिवळा लावायचा की निळा, हे सुई चालू असतानाच ठरतं, आणि एकदा ठरलं की पुढचा फेरा त्याच्याशी जुळवून घेत काढावा लागतो. मध्याला काय येणार हे काठ शिवताना पुरतं माहीत नसतं, तरी ते मनाच्या एका कोपऱ्यात धरून ठेवावं लागतं. भजनातला कसलेला गायक समेवर नेमका येतो, तशी ही बाई चहूबाजूंनी फिरून मध्यावर येते. याला मी कला म्हणतो, आणि हा शब्द मी सौजन्यापोटी वापरत नाही.

तान्ह्या बाळाची कवंदी सगळ्यात देखणी असते. बारीक, भडक रंगाच्या तुकड्यांना तिथे टिकेली म्हणतात आणि बाळाच्या कवंदीत त्यांची नुसती दाटी असते. मोठ्यांच्या कवंदीचं माप ती किती जणांनी पांघरायची यावर ठरतं. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्या कवंदीवर चंद्रकोर. पण कोणत्याही घरातली असो, चारी कोपऱ्यांना घडी घालून केलेल्या त्रिकोणी पाकळ्या हव्यातच. त्यांना फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी, असं त्या बायका मानतात. पांघरताना फुलाचा काडीचा उपयोग नाही. म्हणून तर मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकेतले कलाअभ्यासक हेन्री ड्रूवल यांच्या पुढाकाराने 2004 मध्ये सिद्दी बायकांची गोधड्यांची सहकारी संस्था उभी राहिली. 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात या कवंद्यांचं प्रदर्शन झालं. तेव्हापासून अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्यांशी त्यांची तुलना होत आली आहे. दोन्हीकडे रंगांचा तोच धीटपणा, तीच बेधडक मांडणी, त्यामुळे तुलना सुचते हे खरं. पण कवंदीत फक्त आफ्रिका शोधणाऱ्यांनी घाटाच्या अलीकडेही यावं. काठापासून आत आत जाणारा धावदोरा आमच्या देशावरच्या वाकळेतही आहे, जुनेरं एकावर एक घालायची रीतही आहे. उत्तर कर्नाटकातली कौदीही याच कुळातली. सिद्दींनी इथलं तंत्र घेतलं आणि त्यात स्वतःची नजर घातली, असं मला वाटतं. त्यांचं श्रेय यामुळे कमी होत नाही. पळून आलेल्या माणसांनी नव्या मुलखातली चिंधी उचलून तिच्यात आपला ठसा उमटवला, ही गोष्ट वारशाने आलेल्या नक्षीहून मोठी आहे.

विक्री सुरू झाली की गिऱ्हाइकाची फर्माईश येते. रंग फिके हवेत, कापड नवं हवं, चौकोन सरळ हवेत. बायकांच्या हातात पैसा येणं अत्यंत गरजेचं आहे, तेव्हा या मागण्यांवर नाक मुरडणं मला पटत नाही. मात्र रंग ठरवायचा हक्क काढून घेतला तर उरते ती नुसती मजुरी. दुसरी अडचण कापडाची. सुती साडी घरातून हटली आणि तिच्या जागी पॉलिएस्टर आलं. ते घाम शोषत नाही, दुमडलेली कड सुईखालून सटकते, आणि जुन्या सुताला वापराने जो मऊपणा येतो तो त्याला येत नाही.

कवंदी विकत घ्यायची संधी आली तर आधी ती उलटी करा. पाठीच्या साडीवर तुकडे नसतात, फक्त टाके असतात, त्यामुळे हात तिथे लपत नाही. ओळी कुठे दाट आहेत, कुठे विरळ, बाई कोणत्या कोपऱ्याला वळली, मध्याजवळ तिने अंतर कसं मोडून घेतलं, सगळं दिसतं. मग सरळ बाजू पाहा, चारी फुलं हाताने चाचपून पाहा, आणि किंमत सांगतील ती घासाघीस न करता द्या.