अकरा महिन्यांची बाग

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने झाड लावावं का? अॅग्रीमेंट ११ महिन्यांचं, डिपॉझिट अडकलेलं, मालक भिंतीला साधा खिळा ठोकू देत नाही आणि आपण कुंड्या आणायच्या? माझे बरेच मित्र इथेच थांबतात. ‘स्वतःचं घर झालं की बघू!’ ते घर होईपर्यंत पस्तिशी उलटते, ही गोष्ट वेगळी.

मी मात्र गेल्या ५ वर्षांत ३ घरं बदलली आणि तिन्ही ठिकाणी बाग केली. बाग म्हणजे फार काही नाही हं! टीचभर गॅलरी, तीही निम्मी वॉशिंग मशीनने खाल्लेली. पण हिशोब करून बघा. मेथी २५-३० दिवसांत खुडायला येते, पालक दीडेक महिन्यात. मिरचीचं रोप लावलं की साधारण दोन-अडीच महिन्यांत मिरच्या धरतात. एका अॅग्रीमेंटमध्ये सगळं आरामात बसतं.

आणि ही काही नवी फॅशन नाही. ‘परसबाग’ हा शब्दच बघा ना. परस म्हणजे घराची मागची बाजू. तिथे मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर दुधीचा वेल. सांडपाणीही वाया जायचं नाही आणि रोजच्या भाजीची सोय व्हायची. मग चाळी आल्या, फ्लॅट आले, परस गेलं. तुळस तेवढी पत्र्याच्या डब्यात बसून आपल्याबरोबर गॅलरीत आली.

शहरात परस परत आणणारेही भेटतात. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी पालापाचोळा कुजवून कसदार माती तयार करण्याचा विचार ‘प्रयोग परिवारा’तून लोकांपर्यंत नेला. मुंबईत २००२ साली तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कॅटरिंग ऑफिसर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवरच जिरवून भाज्या आणि फळझाडं वाढवायला सुरुवात केली. म्हणजे जागा कुठली, तर चक्क ऑफिस कॅण्टीनची गच्ची!

आता कामाचं. आधी एका रविवारी ऊन कुठे, किती वेळ येतं ते बघा. चार-पाच तास ऊन असेल तर पालेभाज्या, मिरची लावा. नसेल तर मनी प्लाण्टवर समाधान माना. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा. माती, कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळून भरा. धने पेरताना हलकेच रगडून दोन भाग करा. ओल्या मातीची १२ इंची कुंडी सहज २० किलोच्या वर जाते, तेव्हा ती ग्रिलच्या काठावर नको. खालून माणसं जात असतात.

अडचण येते ती कढीपत्त्याची. त्याला ११ महिने पुरत नाहीत. दुसरं घर सोडताना माझा कढीपत्ता कमरेएवढा झाला होता आणि नव्या घरात ऊन नावाला नव्हतं. नेला असता तर मेलाच असता. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे जागा नाही रे, पण गेटजवळ उतरवू. पाणी मी बघते.’ वॉचमन आणि मी, दोघांनी मिळून तो जिन्यावरून खाली आणला. परवा त्या बाजूला गेलो तर कोणीतरी मुलगी फांदी वाकवून पोह्यांसाठी पानं तोडत होती. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं. मी ओळख दिली नाही. झाड आता त्यांचं आहे.

म्हणून म्हणतो, घर होण्याची वाट बघू नका. किचनच्या डब्यात मेथीदाणे असतीलच. आज रात्री मूठभर भिजत घाला, उद्या ऑफिसला निघण्याआधी पेरा. अॅग्रीमेंट रिन्यू होण्याआधी पराठे नक्की होतील!