पाणी तीनदा पडतं

वसईत रविवारची मिस्सा संपली की अर्धं गाव चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारत उभं राहतं. दाराशी तेव्हा तीन-चार कुटुंबं बाळांना घेऊन बाप्तिस्म्यासाठी थांबलेली असतात. त्यातलं एक बाळ माझं, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाचं. नवखा फोटोग्राफर थेट आत जाऊन कुंडापाशी जागा धरतो आणि तिथेच चुकतो. संस्कार सुरू होतो तो दारात. फादर बाळाचं नाव विचारतात, त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात, मग आईवडील, धर्ममाता, धर्मपिता तसंच करतात. वीतभर चेहरा आणि त्यावर शेतात राबलेल्या बापाचा तो अंगठा! दारातून तिरपा उजेड येत असतो. नंतर आत इतका चांगला प्रकाश मिळत नाही.

जुन्या चर्चच्या भिंती जाड, खिडक्या उंच, खाली एलईडीचे दिवे. मी ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ वर उघडतो आणि आयएसओ ३२०० पर्यंत नेतो. फ्लॅश काढत नाही. बऱ्याच फादरांना तो चालत नाही. चालला तरी दोन महिन्यांच्या जिवाच्या डोळ्यांवर हातभरावरून उजेड मारायला मन धजत नाही. आवाज नको म्हणून एकदा सायलेंट शटर लावलं आणि घरी येऊन बघतो तर फोटोभर आडवे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला पत्ता लागत नाही, त्या शटरला लागतो. १/१०० वर पट्टे जातात, पण पडतं पाणी गोठवायला १/५०० तरी हवं. म्हणून पाण्याच्या वेळी मेकॅनिकल शटर, अँटी-फ्लिकर चालू. खट् असा आवाज होतो. होऊ दे.

पांढऱ्या झग्याची वेगळी तऱ्हा. फ्रेमभर पांढरं दिसलं की मीटर फसतं आणि झगा मळकट राखाडी येतो; मी एक्स्पोजर पाऊण स्टॉप वाढवून ठेवतो. त्यात आजी शेजारी आली की तिच्या कुपारी समाजातल्या लुगड्याचा लाल रंग झग्यावर आणि बाळाच्या गालावर उतरतो. तो मी काढून टाकत नाही. एडिटिंग करणारा पोरगा दरवेळी काढतो, मी दरवेळी परत आणायला लावतो.

वचन, प्रार्थना, मग छातीवर तेल. (आईला आधीच सांगावं, झगा पुढून उघडणारा घ्या, नाहीतर बटणं शोधण्यात सगळ्यांचेच हात फोटोत.) मग सैतानाचा त्याग, श्रद्धेची कबुली, आणि पाणी. पिता, पुत्र, पवित्र आत्मा: तीन नावं, तीन धारा, सगळं मिळून पाच-सात सेकंद. पहिल्या धारेला बाळ बहुधा झोपेतच असतं. तिसरीला रडतं. दुसऱ्या धारेला त्याच्या कपाळावर जी आठी पडते, तीच मला हवी असते.

माझ्या पहिल्याच कामात ती गेली. मोबाइल घेऊन आडवे आलेल्या मामांना बाजूला करेपर्यंत पाणी पडून गेलं होतं. मामाच म्हणाले, "फादर, परत एकदा ओता ना." फादर हसले. बाप्तिस्मा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा देता येत नाही. माझं तोंड बघून त्यांनी पाणी ओतायचा शिंपला नुसता रिकामाच बाळाच्या डोक्यावर धरला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि बाळ ओल्या केसांनी भोकाड पसरून बसलंय. तेव्हापासून मी लेन्सइतकाच विधीचा क्रम पाठ ठेवतो.

पाण्यानंतर लोक सैलावतात, फोटोग्राफरही. मग टाळूवर क्रिझ्मा लावतात. ऑलिव्ह तेलात सुगंधी बाल्सम घातलेलं हे तेल बिशपांनी आशीर्वादित केलेलं असतं. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवून धर्मपित्याच्या हाती देतात. पुष्कळ ठिकाणी शेवटी फादर बाळाच्या कानांना आणि ओठांना हलकेच स्पर्श करतात. तोवर निम्मे कॅमेरे ग्रुप फोटोची जागा शोधायला गेलेले असतात. एकदा मी थांबलो, तर मागे आजी बाळाची टाळू हुंगत होती, डोळे मिटून. त्या कामातला तोच एक फोटो त्यांनी मोठा करून घेतला.

तुम्हाला असं काम आलं तर फादरांना आदल्या दिवशीच भेटा. फ्लॅशचं विचारा, कुठपर्यंत यायचं ते विचारा. उजव्या हाताने पाणी ओतणाऱ्याच्या उजवीकडे उभं राहिलं तर फोटोत त्याची बाहीच येते. डाव्या खांद्यापाशी जागा धरावी लागते. तेव्हा ते डावखुरे तर नाहीत ना, तेवढंही विचारून घ्या.