टकळी आणि सामान्य विज्ञान

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी लागणाऱ्या पवनार गावी 1938 साली विनोबा भावे प्रकृतीच्या कारणास्तव राहावयास आले, तेव्हा ज्या शिक्षणयोजनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते सभासद होते, तिला हरिपुरा काँग्रेसची मंजुरी नुकतीच मिळाली होती. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास भरलेल्या परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांची ही समिती नेमली, आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधारे, मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असा अहवाल तिने डिसेंबरात सादर केला. घोकंपट्टी करून कारकुनीस पात्र होणे हेच ज्या अमदानीत विद्येचे सार्थक समजले जाई, त्या अमदानीत खेड्यातील पोराने वनस्पती, प्राणी, शरीर, रसायन आणि आकाशातील तारे यांची ओळख करून घ्यावी, शिवाय थोर शास्त्रज्ञांच्या कथा ऐकाव्या, ही अपेक्षा लहानसहान नव्हती.

तथापि अहवालातले वेळापत्रक पाहून कोणीही बुचकळ्यात पडावे. साडेपाच तासांपैकी हस्तोद्योगास 3 तास 20 मिनिटे, आणि समाजशास्त्र व सामान्य विज्ञान या दोहोंस मिळून अवघी 30! शाळेचा कारखाना होणार, ही हाकाटी अगदीच निराधार नव्हती. मात्र विज्ञान त्या अर्ध्या तासात नव्हे, तर हस्तोद्योगातच, म्हणजे हाताने सूत कातावयाच्या टकळीवरच शिकवावयाचे, हा योजनेचा मूळ हेतू टीकाकारांच्या नजरेतून निसटला.

सुताचा अंक काढणे म्हणजे एक पौंड वजनात 840 वारांच्या किती लडी बसतात ते पाहणे. तेव्हा आपले सूत मोजून, तोलून मुलगा त्रैराशिक मांडी. वैशाखाच्या कोरड्या हवेत धागा पटापट तुटतो आणि हवेत ओलावा आला की तोच अधिक ताण सोसतो, हे बोटांना आधी कळे. चकतीच्या वजनामुळे एका झटक्यानिशी टकळी इतका वेळ का फिरत राहते, हा प्रश्न त्यामागून येई. गणिताची उपजत गोडी असलेल्या विनोबांना ही रीत मानवली, यात नवल नाही.

परंतु ‘का?’ विचारणारा मास्तर नसेल, तर मागे उरते ते निव्वळ कातकाम, आणि योजनेची खरी नड तेथेच होती. शिक्षक तयार करण्याचे काम वर्ध्यास 1938 मध्ये सुरू झाले. सेवाग्रामी आर्यनायकम् दांपत्याने ते निष्ठेने चालविले. पण 1939 अखेर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे देताच सरकारी पाठबळ ओसरले, आणि 17 ऑक्टोबर 1940 रोजी विनोबा स्वतःच पवनारहून पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून बाहेर पडून काही दिवसांतच तुरुंगात गेले.