झिंबाब्वेचे पाषाणशिल्प आणि राष्ट्रीय अस्मिता

आफ्रिकी शिल्पकला म्हटले की आपल्याकडील समीक्षक लाकडी मुखवटे आणि पिकासो यांच्यापुढे जात नाहीत. जणू युरोपला कच्चा माल पुरविण्यासाठीच आफ्रिकेने कला निर्माण केली! म्हणून मी येथे झिंबाब्वेच्या आधुनिक पाषाणशिल्पाचा विचार करणार आहे.

या देशाचे नावच दगडावरून आले आहे. ग्रेट झिंबाब्वेच्या प्रचंड भिंती चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या आहेत. त्या काळ्या माणसाने बांधल्या, हे मान्य करणे गोऱ्या वसाहतवाद्यांना परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी फिनिशियनांना बोलावून आणले. १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी हे काम आफ्रिकी लोकांचेच असल्याचे दाखवून दिले. तरीही हेच सांगणाऱ्या पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये ऱ्होडेशिया सोडावा लागला. येथील मऊ दगडात कोरलेल्या पक्ष्यांपैकी एक सेसिल ऱ्होड्सने आपल्या घरी नेला होता. तोच पक्षी १९८० मध्ये स्वतंत्र देशाच्या झेंड्यावर आला.

आधुनिक शिल्पाची सुरुवात मात्र राजवाड्यात झाली नाही. जोराम मारिगा हा शेतीखात्यातला नोकर, निकोलस मुकोम्बेरान्वा पोलिसातला शिपाई. तेंगेनेंगे येथे तर टॉम ब्लोमफील्ड या गोऱ्या मळेवाल्याचा तंबाखू आर्थिक निर्बंधांमुळे विकेना, तेव्हा १९६६ पासून त्याच्या जमिनीवर माणसे दगड फोडू लागली. हातोडा, छिन्नी, कानस, पॉलिशपेपर. शेवटी दगड आगीवर तापवून त्यावर मेण चोळायचे, की काळीभोर चकाकी येते. हे श्रमाचे काम आहे, आणि मला ते महत्त्वाचे वाटते.

सॉल्सबरीच्या राष्ट्रीय कलादालनाचे पहिले संचालक फ्रँक मॅकइवेन यांनी ही शिल्पे जगापुढे नेली. १९७१ मध्ये ती पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात मांडली गेली. त्यांचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'शोना शिल्प' हे नाव रूढ झाले ते याच काळात. तेंगेनेंगेचे कितीतरी शिल्पकार मलावी, अंगोला, मोझांबिक येथून मजुरीसाठी आलेले होते. मकिना कामेया अंगोलाचा. ते शोना नव्हतेच! शिवाय शिल्पात भूतप्रेत, पूर्वज, दंतकथा असाव्यात ही ग्राहकाची अपेक्षा. शिल्पकाराने खाणकामगार किंवा बसची रांग कोरली, तर ती 'अस्सल' आफ्रिकी ठरणार की नाही? आपले नाव आणि आपला विषय दुसऱ्याने ठरवून द्यावा, हा अनुभव या नियतकालिकाच्या वाचकांना नवा नाही.

स्वातंत्र्यानंतर हे बदलेल, अशी अपेक्षा करणे रास्त होते. प्रत्यक्षात १९८१ मध्ये हरारेजवळ 'हीरोज एकर' या हुतात्मा स्मारकाचे काम सुरू झाले, तेव्हा नव्या राज्यकर्त्यांनी उत्तर कोरियाचे कारागीर आणले. बंदूक, झेंडा, ताठ मान, ब्राँझ. ज्या देशातील दगडफोड्यांची शिल्पे पॅरिसला गेली, त्या देशाने आपला अज्ञात सैनिक प्याँगयांगच्या साच्यातून काढला. राष्ट्राची अस्मिता आणि राज्यकर्त्यांची अस्मिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी म्हणतो ते यामुळेच. २०१० मध्ये बुलावायो येथे जोशुआ एन्कोमो यांचा पुतळा उभारला, तोही उत्तर कोरियात घडविलेला. एन्कोमोंच्या कुटुंबीयांनी हरकत घेतली आणि तो उतरवावा लागला. २०१३ मध्ये तो पुन्हा चढविण्यात आला.